होस्टचं पोर्ट तीनदा गेलं

संध्याकाळी साडेसातला ऑफिस रिकामं झाल्यावर मी फायरवॉलचं व्हीएम सुरू केलं, म्हणजे इंटरनेट आणि ऑफिस यांच्यामध्ये पहारा देणारा, सर्व्हरच्या आतच चालणारा आभासी कॉम्प्युटर. अशी व्हीएम चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सच्या पानावर खाली कामाची ओळ उमटली, शेजारचं चक्र फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. पान पुन्हा उघडायला गेले तर उघडेना. होस्टला, म्हणजे सगळी व्हीएम पोटात घेऊन चालणाऱ्या मूळ सर्व्हरला, पिंग केलं, उत्तर नाही. टॅली ज्या विंडोज व्हीएमवर चालतं तेही गेलं. कपाटातल्या सर्व्हरचा पंखा मात्र नेहमीसारखा चालू, डिस्कचा दिवा लुकलुकतोय. यंत्र जिवंत आहे आणि आत जायला वाट नाही, ही अवस्था मी त्या आठवड्यात तीनदा पाहिली. तिन्ही वेळा कारण वेगळं होतं आणि गेलं ते एकच पोर्ट, होस्टची नेटवर्कची वायर लागते ते.

कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला, टेरी टॉवेलचा. अशा काही छोट्या कारखान्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळते. मी शहराच्या पूर्व भागातली. घरी तेलुगू, शाळा मराठी. वडलांना आम्ही नान्ना म्हणतो. ते आयुष्यभर जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारे, होते, आधी गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर. त्यामुळे मागाचा आवाज मला परका नाही, आणि हे कारखाने सांभाळताना मला बाहेरच्या माणसासारखं वाटत नाही.

या कारखान्याची अडचण इंटरनेटची होती. रस्ता कुठे खोदला गेला की फायबर तुटायची, आणि मालकांचा फोन यायचा, "नेट गेलं की ओ ताई, बाहेरच्या पार्टीला मेल जाईना." म्हणून दुसरी लाइन घेतली. दोन्ही लाइनी एका फायरवॉलमध्ये घालायच्या, एक गेली की दुसरी आपोआप चालू व्हायला हवी. वेगळा फायरवॉलचा डबा घेण्याऐवजी ऑफिसात असलेल्या सर्व्हरवरच ओपीएनसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरचं व्हीएम करायचं ठरलं. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी मेमरी, दोन एसएसडी झेडएफएस फाइल सिस्टमने आरशासारख्या जोडलेल्या, प्रॉक्समॉक्स ८.१. महिना एप्रिल, वर्ष २०२४.

आधी दोन आठवडे मी साध्या ब्रिजवर चालवलं. होस्टच्या पोर्टावर ब्रिज, म्हणजे होस्टच्या आतला सॉफ्टवेअरचा स्विच, आणि त्याला व्हीएमचं व्हर्टआयओ हे आभासी नेटवर्क कार्ड. पहिल्याच दिवशी पिंग जायचे पण वेबसाइट उघडायच्या नाहीत. ती जुनी खोड आहे: ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमवर चालतं आणि तिथे हार्डवेअर चेकसम ऑफलोड (पॅकेट तपासण्याचं काम कार्डावर सोपवणं) बंद करावं लागतं. केलं, चाललं. वेगाच्या दृष्टीने खरं तर तेवढ्यावर भागलं असतं. आमच्या लाइनीच्या वेगाला ब्रिज पुरून उरतो, आणि फक्त वेगासाठी पासथ्रू करायला, म्हणजे खरं कार्डच थेट व्हीएमच्या हवाली करायला निघालेल्यांना मी नको म्हणेन. माझं कारण वेगळं होतं. ब्रिजमध्ये बाहेरून आलेलं प्रत्येक पॅकेट आधी होस्टच्या कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, हातातून जातं. ज्या होस्टवर कारखान्याचे सगळे हिशेब आहेत त्याने बाहेरची वायर हातातच घेऊ नये, ती सरळ फायरवॉलकडे जावी, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

म्हणून इंटेलचं आय-३५० चार पोर्टांचं कार्ड पुण्याहून मागवलं, जुन्या सर्व्हरमधून काढलेलं. बाजारात या कार्डाच्या नकला खूप आहेत, त्यामुळे अगदी स्वस्त "नवीन" कार्डापेक्षा खऱ्या सर्व्हरमधून निघालेलं जुनं बरं. बोर्डावरचं स्वतःचं पोर्ट मी बायोसमध्ये बंद करून टाकलं. चार पोर्ट हाताशी असताना पाचवं कशाला, असा विचार केला. कार्डाचं चौथं पोर्ट होस्टला, पहिली तीन फायरवॉलला, असा बेत. पुढचं सगळं या एका निर्णयातून आलं.

सुरुवातच अडखळत झाली. व्हीएमला कार्ड जोडायला गेले तर आयओएमएमयू (उपकरणांच्या मेमरीतल्या ये-जेवर पहारा ठेवणारा हार्डवेअरचा भाग) नाही म्हणून नकार. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन तर चालू होतं. पण ते व्हीटी-एक्स. त्याने व्हीएम चालतात. उपकरण व्हीएमच्या हवाली करायला व्हीटी-डी लागतं, आणि त्याचं बटण या बोर्डावर दुसऱ्याच पानावर, चिपसेटच्या सेटिंगमध्ये दडलेलं होतं. ते चालू केलं. मग कर्नलला इंटेलचा आयओएमएमयू चालू करण्याची सूचना ग्रबच्या, म्हणजे यंत्र उठवणाऱ्या बूटलोडरच्या, फाइलमध्ये लिहिली, ग्रब अपडेट केलं, रीबूट केलं. काहीच बदल नाही. पुन्हा केलं, पुन्हा काही नाही. अर्धा तास गेल्यावर कर्नल खरोखर कोणत्या सूचना घेऊन उठलाय ते प्रॉकमधल्या सीएमडीलाइन फाइलमध्ये पाहिलं, तर माझी ओळ तिथे नव्हतीच. यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) आणि झेडएफएस अशा जोडीवर, सिक्युअर बूट बंद असेल तर, प्रॉक्समॉक्स ग्रबने उठत नाही, सिस्टमडी-बूट या दुसऱ्या बूटलोडरने उठतं. तिथे ओळ वेगळ्या फाइलमध्ये लिहून प्रॉक्समॉक्सच्या बूट टूलने ताजी करावी लागते. तसं केल्यावर कर्नलच्या नोंदीत आयओएमएमयू चालू झाल्याची ओळ दिसली. कर्नल ६.८पासून ही सूचना लिहावी लागत नाही, इंटेलवर ते आपोआप चालू असतं, आमचा ६.५ होता. कुठलीही सूचना लिहिल्यावर ती कर्नलपर्यंत पोचली का हे आधी पाहायचं, ही सवय मला त्या अर्ध्या तासाने लावली.

आणि मग वर सांगितलेला तो गोठण्याचा प्रसंग.

व्हीएमला पीसीआय उपकरण, म्हणजे स्लॉटमध्ये बसणारं कार्ड, जोडताना प्रॉक्समॉक्स एक चौकट दाखवतं, "ऑल फंक्शन्स". चार पोर्टांचं कार्ड पीसीआयच्या दृष्टीने एकच उपकरण असतं, आणि त्याचे शून्य ते तीन असे चार भाग असतात. मी यादीत पहिलं पोर्ट निवडलं आणि ती चौकटही टिकवली. मला वाटलं, पोर्टाच्या सगळ्या सोयी मिळाव्यात यासाठी ती असेल. तिचा अर्थ आहे, कार्डाचे सगळे भाग द्या. व्हीएम सुरू होताच होस्टच्या हातून चारही पोर्ट गेली, त्यात होस्टचं स्वतःचंही. वर मी त्या व्हीएमला "बूट होताच सुरू हो" असंही सांगून ठेवलं होतं. बटण दाबून सर्व्हर बंद-चालू केला की थोडा वेळ पान दिसायचं, आणि मी लॉगिन करते न करते तोवर पुन्हा गायब.

सर्व्हरला मॉनिटर नव्हता. हिशेबाच्या टेबलावरचा मॉनिटर आणि कीबोर्ड उचलून कपाटापाशी आणला. नेटवर्क गेलं तरी समोरचा कीबोर्ड कुणी नेत नाही. तिथून लॉगिन करून व्हीएम बंद केलं, त्याचं आपोआप सुरू होणं काढलं, रीबूट केलं. ज्याला कुणाला हा प्रयोग करायचाय त्याने सगळं नीट चालेपर्यंत आपोआप सुरू होण्याची खूण करू नये, आणि मॉनिटर आधीच जोडून ठेवावा.

साडेदहा वाजले तरी मी घरी आले नाही म्हणून नान्ना रिक्षा करून आले. सोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी. वॉचमन मामा आणि ते एकाच गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, होते असं निघालं, आणि दोघं फाटकापाशी खुर्च्या टाकून तेलुगूत बोलत बसले. त्यांचं बोलणं चालू आहे तोवर मला घाई नाही, एवढा मोठा आधार त्या रात्री मला झाला.

आता चौकटीची खूण काढून तीन पोर्टं एकेक करून जोडली. व्हीएम सुरूच होईना. संदेशाचा मतलब असा: ग्रुप १ वापरण्याजोगा नाही, ग्रुपमधली सगळी उपकरणं व्हीएफआयओच्या (उपकरण व्हीएमला देण्यासाठी धरून ठेवणाऱ्या लिनक्सच्या ड्रायव्हरच्या) ताब्यात असली पाहिजेत. हा संदेश मला नीट समजून घ्यावा लागला, आणि पासथ्रूचं मर्म त्यातच आहे असं माझं मत आहे.

नेटवर्क कार्ड आलेला डेटा प्रोसेसरच्या हातातून न नेता थेट मेमरीत लिहितं. त्याला डीएमए म्हणतात. व्हीएमला वाटत असतं की आपली मेमरी शून्यापासून सुरू होते. प्रत्यक्षात ती होस्टच्या मेमरीत कुठेतरी विखुरलेली असते. व्हीएममधला ड्रायव्हर कार्डाला सांगतो, या पत्त्यावर लिही, आणि तो पत्ता व्हीएमच्या हिशेबातला असतो. कार्डाने तो तसाच खरा मानला तर ते भलत्याच्या मेमरीवर लिहून मोकळं होईल. मध्ये आयओएमएमयू उभा असतो. तो पत्ता बदलून देतो आणि हद्दीबाहेरचं लिखाण अडवतो. पण दोन उपकरणं एकाच पुलामागे (स्लॉटला प्रोसेसरशी किंवा चिपसेटशी जोडणारा हार्डवेअरचा पूल, वरचा ब्रिज नव्हे) बसली असतील आणि त्यांची आपसातली ये-जा अडवण्याची सोय त्या पुलाला नसेल, तर ती ये-जा आयओएमएमयूपर्यंत पोचतच नाही. ही सोय म्हणजे एसीएस. ती नसली की लिनक्स पुलामागच्या सगळ्यांना एका ग्रुपमध्ये बांधतं आणि सांगतं, वाटणी करायची नाही, एका ग्रुपचा मालक एकच.

आमचं कार्ड वरच्या लांब स्लॉटमध्ये होतं. तो थेट प्रोसेसरला जोडलेला, आणि या साध्या प्रोसेसरांच्या त्या पुलाला एसीएस नाही. ग्रुपांची यादी काढली तर ग्रुप १मध्ये पूल आणि कार्डाचे चारही भाग. तीन फायरवॉलला आणि एक होस्टला ही माझी वाटणी त्या स्लॉटमध्ये होणारच नव्हती. पुलाची काळजी करायची नसते, तो व्हीएमला देत नाहीत. पण पोर्टं चारही एका बाजूला जायला हवीत.

इथे एक आडवाट आहे. प्रॉक्समॉक्सच्या कर्नलमध्ये एसीएस ओव्हरराइडची सोय असते. एक ओळ लिहिली की सगळे ग्रुप सुटे दिसू लागतात. पण हार्डवेअर आहे तसंच राहतं. मध्ये भिंत आहे असं समज, एवढंच कर्नलला सांगितलेलं असतं. खेळण्याच्या व्हीएमला ग्राफिक्स कार्ड द्यायचं असेल तर ज्याने त्याने ठरवावं. बाहेरच्या जगाची वायर जिथे येते त्या फायरवॉलसाठी, नसलेली भिंत आहे म्हणणं मला अजिबात पटत नाही. होस्टला बाहेरच्या वायरीपासून दूर ठेवायचं म्हणून तर हा सगळा खटाटोप चालला होता. ती ओळ मी लिहिली नाही.

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, कार्ड खालच्या स्लॉटमध्ये हलवलं. तो चिपसेटमधून येतो. इंटेलच्या या चिपसेटमध्ये एसीएसची मांडणी नियमाप्रमाणे नाही, पण लिनक्सला ती खोड माहीत आहे आणि ते तिच्यातून वाट काढतं. कार्ड बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये कापसाचे तंतू बसलेले. थोड्याच दिवसांत एवढे. शेडमधून ऑफिसात दार उघडलं की ते उडत येतात. एप्रिलात सोलापूरचा पारा ४०च्या पुढे जातो, ऑफिसातलं कपाट बंद, आणि हे कार्ड तसंही बऱ्यापैकी तापतं. रंगाच्या कोरड्या ब्रशने साफ केलं, आणि कपाटाच्या दाराला जाळी लावून घ्यायचं मालकांना तिथेच सांगितलं.

कार्ड बसवलं, चालू केलं, आणि होस्ट पुन्हा नाही. दुसऱ्यांदा. या वेळी व्हीएम बंदच होतं, त्यामुळे मी काही क्षण कार्ड गेलं असंच धरून चालले. कार्ड ठीक होतं. लिनक्स पोर्टाला नाव देताना ते कुठल्या पीसीआय बसवर आहे ते नावात घालतं. स्लॉट बदलला, बसचा आकडा १चा ३ झाला, आणि पोर्टाचं नावही बदललं. ब्रिजच्या सेटिंगमध्ये मात्र जुनंच नाव. ब्रिज उभा होता, पण त्याच्या पोटात पोर्टच नव्हतं. नाव बदलल्यावर लगेच आलं. तोच आकडा व्हीएमच्या सेटिंगमध्येही असतो, तिथेही बदलावा लागला. कार्ड न हलवता दुसऱ्या स्लॉटात नवीन काही घातलं तरी हे आकडे सरकू शकतात, हे ध्यानात असू द्या.

ग्रुप मात्र आता सुटे झाले होते, प्रत्येक पोर्टाचा वेगळा. तीन पोर्टं जोडून व्हीएम सुरू केलं, उठलं. ओपीएनसेन्समध्ये तीन पोर्टं दिसली तेव्हा मी खरंच टाळी वाजवली.

तिसरी वेळ त्याच संध्याकाळची. होस्टच्या ड्रायव्हरने फायरवॉलच्या पोर्टांना सुरुवातीपासूनच हात लावू नये म्हणून मी व्हीएफआयओच्या सेटिंगमध्ये कार्डाची ओळख लिहिली: ८०८६:१५२१. पहिला आकडा इंटेलचा, दुसरा या चिपचा. रीबूट, आणि होस्ट गायब. चारही पोर्टांची ओळख एकच असते! ती ओळ एका पोर्टाबद्दल बोलूच शकत नाही. तिने बूट होतानाच चारही व्हीएफआयओला देऊन टाकली. ती ओळ काढली. प्रॉक्समॉक्स व्हीएम सुरू करताना हवी ती पोर्टं स्वतःच होस्टच्या ड्रायव्हरकडून सोडवून घेतं, त्यामुळे आमच्यासारख्या कामात त्या ओळीची गरजही नव्हती.

आता सगळं बेताप्रमाणे चालत होतं, पण मला ते आवडेना. नान्ना मागाबद्दल म्हणतात, चालतोय पण आवाज बरोबर नाही, तसं. जे कार्ड दुसऱ्याच्या हवाली करायचं त्याच कार्डावर होस्टची एकमेव वाट ठेवणं, ही मूळ चूक तशीच होती. कुणी उद्या व्हीएमची सेटिंग उघडून ती चौकट टिकवली की पुन्हा तेच. म्हणून बायोसमध्ये जाऊन बोर्डावरचं पोर्ट चालू केलं, होस्टचा ब्रिज त्यावर घेतला आणि आय-३५०ची चारही पोर्टं फायरवॉलला देऊन टाकली. दोन बाहेरच्या लाइनींना, एक ऑफिसला, एक कॅमेऱ्यांना. बोर्डावरची रियलटेकची चिप कमी प्रतीची म्हणून लोक नाकं मुरडतात, मीही मुरडायचे. होस्टचं पान उघडायला आणि टॅलीला ती भरपूर आहे.

बाकीचं भराभर झालं. व्हीएमचा प्रकार क्यू-३५ केला. मेमरी ४ जीबी ठरवून दिली आणि बलूनिंग बंद केलं, कारण पासथ्रू असलं की व्हीएमची सगळी मेमरी सुरुवातीलाच अडकवून ठेवली जाते, ती कमी-जास्त होत नाही. चालू व्हीएमचा मेमरीसकट स्नॅपशॉटही घेता येत नाही, त्यामुळे ओपीएनसेन्सची सेटिंग मी वेगळी जपून ठेवते. मग कुठलं पोर्ट कुठलं हे एकेक वायर काढून ओळखलं आणि टॉवेलच्या गठ्ठ्यांना लावायच्या चिठ्ठ्या प्रत्येक वायरीला बांधल्या. मालकांसमोर फायबर उपटून दाखवली. थोड्याच वेळात दुसऱ्या लाइनीवर मेल गेला. "झालं की ओ," म्हणाले, आणि चहा सांगितला.

जूनमध्ये पहिल्या जोराच्या पावसात एमआयडीसीतली वीज गेली ती चार-पाच तास. यूपीएस संपला, सर्व्हर पूर्ण बंद. सकाळी वीज आली आणि हिशेबाच्या ताईंचा फोन, नेट नाही. त्यांच्या कॉम्प्युटरला पत्ता मी हाताने दिलेला असल्यामुळे फायरवॉल नसतानाही त्यांना होस्टचं पान उघडता आलं. बोर्डावरचं पोर्ट जागेवर होतं. फायरवॉलच्या व्हीएमचा संदेश त्यांनी मला अक्षर अक्षर वाचून दाखवला. शेवटी आयओएमएमयू नाही असं आलं तसं मी विचारलं, "ताई, खाली कोपऱ्यात तारीख काय दाखवतंय?" विंडोज व्हीएमवर बघून त्या म्हणाल्या, "अगं बाई, हे कुठलं वर्ष?"

बोर्डावरचा सेल मेला होता. जोवर सर्व्हरला वीज होती तोवर त्याची गरजच पडली नव्हती. पूर्ण बंद पडल्यावर बायोस मूळ सेटिंगवर गेलं, आणि त्या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये व्हीटी-डी बंद असतं. बोर्डावरचं पोर्ट मात्र मूळ सेटिंगमध्ये चालू असतं, म्हणून होस्ट तरी हाताशी राहिला. चौथ्या पोर्टाचा माझा पहिला बेत असता तर तोही व्हीएमबरोबर अडकला असता का, हा विचार मी स्कूटीवर पूर्ण रस्ताभर केला. व्हीएम सुरूच झालं नाही, म्हणजे पोर्ट होस्टकडेच राहिलं असतं. तरी त्या वेळी हायसं वाटलं ते वाटलंच.

वाटेत नवी पेठेत थांबून सीआर-२०३२ सेल दोन घेतले, एक बसवायला, एक कपाटात ठेवायला. सेल बदलला, व्हीटी-डी चालू केलं, तारीख नीट केली, आधी होस्ट आणि मग फायरवॉल. तासाभरात मेल जायला लागले. कपाटाच्या दाराला जाळी बसली होती, तिच्यावर कापसाचा पांढरा थर. तो झाडला आणि दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: व्हीटी-डी चालू. बोर्डावरचं पोर्ट होस्टचं, वायर काढू नये. चार पोर्टांचं कार्ड खालच्या स्लॉटमध्ये, हलवू नये. सेल बदलला जून २०२४.